अप्पा चाळक्यांची मेन लाइन

"कापायचं म्हणजे? कापायचं म्हणजे काय, मॅडम? पाइप चोकअप झाला तर आधी धुतात! धुऊन बघतात! एकदम गॅस कटर घेऊन धावत नाय कोण!"

अप्पा चाळके हे वाक्य चिपळुणातल्या एका हृदयरोगतज्ज्ञ बाईंच्या केबिनमध्ये बोलले. केबिन काचेची, एसी चालू, दार बंद. तरी बाहेर बाकावर बसलेले सगळे पेशंट एकदम उभे राहिले. रिसेप्शनवरच्या मुलीने कानांवर हात ठेवले. खाली रस्त्यावरच्या एका रिक्षावाल्याने आपल्यालाच कोणीतरी हाक मारली असं समजून रिक्षा वळवली आणि तो दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला.

"काका, हळू बोला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वयाने तरुण, पण अगदी शांत. "तुमच्या हृदयाला ताण नको."

"हे हळूच चाललंय!" अप्पा म्हणाले, आणि टेबलावरचं प्लास्टिकचं हृदय, ते उघडमिट होणारं, आपोआप उघडलं.

समोर पडद्यावर अप्पांच्या अँजिओग्राफीचं चित्र होतं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या नळ्या, वाळलेल्या आंब्याच्या फांदीसारख्या. अप्पा उठले, चष्मा कपाळावरून नाकावर उतरवला आणि पडद्याला नाक लावून उभे राहिले.

"ही मेन लाइन ना?"

"हो. डावी मुख्य रक्तवाहिनी. इथे बघा, केवढी अरुंद झालीय. काळजी हिचीच आहे. ही बंद पडली तर पुढे सगळंच बंद."

"आणि ह्या ब्रँच लाइनी. बेंड फार दिलेत. ड्रॉइंग कोणाचं?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. अप्पांबरोबर कुठेही गेलेल्या माणसाने छताकडे बघायचं असतं, हा आमच्या आळीचा जुना रिवाज आहे.

आता हे अप्पा कोण, ते सांगितलं पाहिजे.

अप्पा म्हणजे आमच्या घरासमोरचे शेजारी. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत त्यांनी सगळी नोकरी बॉयलरवर काढली. बॉयलर म्हणजे काय, हे ज्याला माहीत नसेल त्याने अप्पांच्या पडवीसमोरून सावकाश चालत जावं. संध्याकाळपर्यंत त्याला माहीत होईल आणि नोकरीसुद्धा करता येईल. थोडक्यात सांगायचं तर भलामोठा लोखंडी हंडा, आत आग, पाणी आणि नळ्यांचं जाळं. त्या हंड्याशेजारी जन्म गेल्यामुळे अप्पांना दोन गोष्टी चिकटल्या. एक म्हणजे आवाज. बॉयलर हाऊसमध्ये शेजारच्याला 'चहा घेणार का' विचारायचं तरी बोंब मारावी लागते. अप्पा निवृत्त झाले पण बोंब सेवेतच राहिली. गणपतीत ते आरतीचा शेवटचा सूर धरतात तेव्हा सेकंड शिफ्टची माणसं भोंगा झाला म्हणून डबे उचलून कंपनीच्या बसच्या दिशेने चालू लागतात. वाशिष्ठीच्या पलीकडच्या काठावर म्हशी माना वर करतात. हे मी ऐकीव सांगत नाही, म्हशी मी स्वतः बघितल्यात.

दुसरी गोष्ट म्हणजे जगाकडे बघायची नजर. अप्पांच्या मते ब्रह्मदेवाने आधी बॉयलर केला आणि उरलेल्या सामानातून माणूस. कोणाचं पोट बिघडलं की "ब्लो-डाऊन घे, तळाचा गाळ सोडून दे!" शेजारीण नवऱ्यावर ओरडली की "सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, उडू दे, नाय उडाला तर घर उडेल!" सकाळी दात घासत असताना समोरून हाक यायची: "कारकून! लाइन क्लिअर?" मी अलोऱ्याला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून होतो, म्हणून हे नाव. लाइन क्लिअर म्हणजे तब्येत बरी आहे ना. तोंडात फेस असल्यामुळे मी मान हलवायचो, आणि तेवढ्यावर अप्पांना बॉयलरमधल्या फेसाची एक हकिकत आठवायची.

हकिकती! इथेच तर सगळी मेख होती. अप्पांची हकिकत सुरू झाली की तिला शेवट नसे. एक साहेब शिडीवर चढला, तो शिडीवर असतानाच शिडीची हकिकत, मग ती शिडी करणाऱ्या वेल्डरची, मग त्या वेल्डरच्या मेहुण्याच्या लग्नातल्या मटणाची. आणि साहेब बिचारा तिकडे वरच लटकलेला. त्या हकिकतींतल्या दोन साहेबांच्या अशा शिडीवरच बदल्या झाल्या असतील. परिणामी अप्पा पडवीत दिसले की आळीतल्या यच्चयावत घरांत एकाच वेळी दूध उतू जायला लागायचं. "आलोच हां अप्पा, गॅसवर दूध आहे!" दिवसभर. म्हशी पितात तेवढं पाणी त्यांच्या दुधात उतरलं असतं तरी एवढं दूध ह्या आळीत आलं नसतं. एकदा बाहेरगावचा एक कुरिअरवाला पत्ता विचारायला त्यांच्या फाटकाशी थांबला. तो परत गेला तेव्हा त्याची दाढी वाढलेली होती.

काकी गेल्यापासून अप्पा एकटेच. मुलगा पुण्याला. तो दर रविवारी फोन करतो. त्यातला निम्मा वेळ अप्पा "हॅलो, हॅलो" म्हणतात आणि उरलेला निम्मा तो "अप्पा, हळू" म्हणतो.

तर असे हे अप्पा एकदा परसातला फणस उचलून पडवीत आणत होते. मी दगडी गडग्यापलीकडून बघत होतो. अर्ध्या वाटेत ते थांबले, फणस खाली ठेवला आणि त्याच्यावर बसले. फणसावर कोणी बसत नाही हो! काटे असतात. अप्पा बसले, बसून राहिले, आणि आपण कशावर बसलोय हे त्यांना कळलंच नाही. तेव्हा मला कळलं की दुखणं मोठं आहे.

"काय होतंय अप्पा?" मी गडगा ओलांडून धावलो.

"छातीवर प्रेशर," अप्पा म्हणाले. कपाळावर घाम. आणि आवाज? तुमच्या-माझ्याएवढा!

पाचेक मिनिटांत ते सावरले. सावरल्याबरोबर त्यांनी स्वतःच निदान केलं. "स्केल! दुसरं काय? पाण्यातला चुना नळीत बसतो, नळी अरुंद होते, प्रेशर चढतं. इतकी वर्षं हेच केलं मेल्या, मला कोण शिकवणार?"

आणि उपाय सुरू झाला. बॉयलरच्या नळ्यांतला चुना काढायला आम्ल लागतं. आमच्याकडे घरात आम्ल कोणतं? कोकमाचं आगळ! अप्पांनी आधी चाचणी घेतली. चुन्याने आतून पांढरी पडलेली जुनी किटली घेतली, तिच्यात आगळ ओतलं, आणि सकाळी ती मला आणून दाखवली. किटली आरशासारखी. तिच्यात माझं तोंड दिसत होतं, आणि ते घाबरलेलं होतं.

"बघ! आता हीच प्रोसेस आत करायची."

पाणी नाही, साखर नाही, नुसतं आगळ ते पेले भरून प्यायले. छातीतल्या नळीपर्यंत ते पोचलं की नाही ते देव जाणे, पण पोटाची नळी मात्र अशी खवळली की पुढचे दोन दिवस अप्पा बोललेच नाहीत. आळीत कोणाचंही दूध उतू गेलं नाही.

आणि मग हायवेला एक बोर्ड लागला: 'ऑपरेशनविना हृदयाच्या नळ्या स्वच्छ! किलेशन सेंटर.' अप्पांना मी मोटरसायकलवर मागे बसवून लोट्याकडे चाललो होतो. त्यांनी मागून अशी आरोळी ठोकली की मी गाडी भाताच्या खाचरात घातली.

सेंटर एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर होतं. तिथले डॉक्टर गोड बोलणारे, कशालाही 'हो' न म्हणणारे आणि कशालाही 'नाही' न म्हणणारे. त्यांनी समजावून सांगितलं की सलाइनमधून एक औषध हळूहळू रक्तात सोडायचं, ते कॅल्शियमला धरतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं. अप्पांनी औषधाचं नाव विचारलं. डॉक्टर म्हणाले, "ईडीटीए."

अप्पा खुर्चीतून उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही सांगत.

"कारकुना! अरे, हे तर आमचं औषध! ड्रम यायचे ड्रम! शटडाऊनला ह्यानेच आम्ही नळ्या धुवायचो. म्हणजे मेल्या, जन्मभर मी डॉक्टरकी करत होतो आणि मला कोणी सांगितलं नाय!"

झालं. आठवड्यातून दोनदा अप्पांना सकाळी सेंटरवर सोडायचं आणि दुपारी जाऊन आणायचं, हे काम माझ्याकडे आलं. माडीवर एक लांबट खोली, तिच्यात मागे रेलायच्या तीन खुर्च्या ओळीत. एका खुर्चीत कांबळे गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या पायांच्या शिरा आखडल्या होत्या. चार पावलं चालले की पोटऱ्या धरायच्या. दुसऱ्या खुर्चीत कासमभाई, दाभोळकडचे मासळीचे व्यापारी. त्यांच्या हृदयात आधीच स्प्रिंगा बसवलेल्या, वर साखर. आणि मधल्या खुर्चीत अप्पा.

पहिल्या दिवशी मी ते दृश्य बघितलं आणि मला त्या दोघांची मनापासून दया आली. हातात सुई, सुईला नळी, नळीला बाटली, बाटली खांबाला अडकवलेली. माणूस पळणार कुठे? जगाच्या पाठीवर अप्पांना असे श्रोते कधी मिळाले नव्हते. नर्सने सुई टोचली, बाटलीतून थेंब सुरू झाला आणि अप्पांनी छताकडे नजर लावली. गोष्ट सांगताना अप्पा कोणाकडेच बघत नाहीत. वर बघतात, जणू तिथे बॉयलरची चिमणी आहे.

"तर काय झालं गुरुजी, आमचा एक साहेब होता..."

मी सटकलो. दुपारी तीनला न्यायला गेलो तेव्हा साहेब शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होता. गुरुजी आणि कासमभाई आपापल्या खुर्चीत डोळे उघडे ठेवून पडले होते. मी मनात म्हटलं, बिचारे!

असे पुष्कळ आठवडे गेले. अप्पांच्या चेहऱ्यावर तुकतुकी आली. भेटेल त्याला सांगायचे, "नळ्या धुवायला टाकल्यात!" पण मला गडग्यापलीकडून दिसायचं. आधी विहिरीपर्यंत जाताना मध्ये थांबायचे नाहीत, आता थांबायला लागले. मग पडवीच्या पायरीवर थांबायला लागले. मग अंघोळ करून आले की भिंतीला हात लावून उभे राहायचे. एकदा तर "कारकून! लाइन..." एवढीच हाक आली आणि 'क्लिअर' आलंच नाही.

त्याच दिवशी मी त्यांना मोटरसायकलवर घालून त्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासण्या झाल्या, अँजिओग्राफी झाली, आणि मग केबिनमध्ये ती बोंब झाली, जी तुम्ही सुरुवातीला ऐकलीत.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. बॉयलर, किटली, आगळ, ड्रम. अप्पांचं बोलणं सबंध ऐकून घेणारी एवढी शिकलेली बाई मी पहिल्यांदा बघत होतो. मग त्या म्हणाल्या, "काका, हे औषध खोटं नाही. शिसं वगैरे अंगात गेलं तर हेच देतात, माणसं वाचतात. पण हृदयाच्या बंद झालेल्या नळ्या ह्याने उघडत नाहीत. तुमच्या बॉयलरमध्ये चुना नळीच्या आतल्या बाजूला बसतो ना? पापुद्र्यासारखा?"

"असा!" अप्पांनी बोटाने जाडी दाखवली.

"इथे तसं नाही. इथे चरबी, पेशी, चुना, सगळं नळीच्या भिंतीत मुरलेलं असतं. आतून धुऊन ते कसं निघणार? भिंतच खराब झालीय."

अप्पांनी चष्मा नाकावर नीट बसवला. पडद्याकडे परत बघत राहिले. बरंच बघितलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे ट्यूब गेली."

"हो."

"ट्यूब गेली तर बदलायची. धुऊन काय उपयोग?"

"तेच सांगतेय मी. बायपास. आणि लवकर. दिवस ढकलू नका, काका, ही लाइन कधीही दगा देईल."

मला वाटलं, सुटलो! बॉयलरची भाषा बॉयलरवाल्याला कळली. पण अप्पा उठले, चष्मा परत कपाळावर नेला, बाईंना नमस्कार केला आणि म्हणाले, "कळलं मॅडम. पण माझा बाटल्यांचा कोर्स चालू आहे. तो झाला की बघू." आणि चालू लागले. तेही मोठ्याने नाही. हे फार वाईट लक्षण होतं.

खाली चहाच्या टपरीवर मी त्यांना धरलं. माझा आता बॉयलर झाला होता.

"अप्पा, तुम्हाला कळलंय की नाही? ट्यूब गेली हे तुम्हीच म्हणालात!"

"कळलंय. न कळायला काय झालं? ट्यूब गेलेला बॉयलर चालवणारा माणूस मूर्ख. मी दोन ऑपरेटर त्याच्यासाठी घरी बसवलेत."

"मग? भीती वाटते?"

"हट मेल्या! भट्टीत उतरलोय मी, गरम असताना."

"मग कशासाठी मरताय?"

अप्पा ग्लासातल्या चहाकडे बघत बसले. चहावर साय धरली. मग जे बोलले ते इतकं हळू, की आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांच्याकडे वाकावं लागलं.

"ऑपरेशन झालं की बाटल्या बंद ना?"

"अर्थात बंद."

"मग मी जाऊ कुठे?"

मला आधी अर्थच लागला नाही.

"अरे कारकुना, आळीत मी पडवीत आलो की सगळ्यांचं दूध उतू जातं. तुझ्या घरचं तर सगळ्यात आधी. तुम्हाला काय वाटतं, माहीत नाय मला? जन्मभर प्रेशर वाचलंय मी, माणसाचं तोंड वाचता येत नाय होय? तुझी काकी होती तोवर ठीक होतं. भाजी निवडायची, हं हं करायची, ऐकायची नाय. पण हं करायची. आता भिंतीला सांगू? तिथे त्या खोलीत माणसं बसतात रे. हातात सुई असते त्यांच्या. उठता येत नाय कोणाला. मला ठाऊक आहे, म्हणूनच बसतात. असू दे. बसतात ना?"

मग त्यांनी चहा एका घोटात संपवला आणि एकदम पहिल्या आवाजात टपरीवाल्यावर ओरडले, "काय रे, चहा आहे की कूलिंग टॉवरचं पाणी?" टपरीवाल्याच्या हातातली गाळणी पडली. पण मला ते ऐकू आल्यासारखं झालं नाही.

घरी जाऊन मी हिला, माझ्या बायकोला, सांगितलं. ही पदर डोळ्याला लावून आत गेली. तिथे मात्र खरोखरच दूध उतू जात होतं.

अप्पांचं गुपित मी घराबाहेर कुठे बोललो नाही. पण पुढच्या खेपेला त्यांना सेंटरवर सोडलं आणि ते बाथरूममध्ये गेले, तेवढ्यात मी गुरुजींच्या आणि कासमभाईंच्या कानावर डॉक्टरीणबाईंचं म्हणणं घातलं. मेन लाइन, कधीही दगा देईल, बायपास, आणि हा माणूस बाटल्या संपल्याशिवाय हलत नाही म्हणतो. एवढंच.

कासमभाई म्हणाले, "म्हणजे मासळी खराब व्हायला लागलीय आणि हा वरून बर्फ घालतोय."

गुरुजी चष्मा पुसत राहिले.

अप्पा आले. रेलले. नर्सने तिघांना सुया टोचल्या. अप्पांनी छताला नजर लावली.

"तर गुरुजी, साहेब शिडीवर. वरती सेफ्टी व्हॉल्व्ह जाम. खाली मी. प्रेशर बघतो तर काटा लाल रेघेच्या..."

"चाळके," गुरुजी म्हणाले. वर्गात मागच्या बाकावरचा गोंधळ थांबवायचा तो आवाज. "गोष्ट बंद."

"आँ?"

"ऑपरेशन करून या. मग पुढचं ऐकू. तोपर्यंत एक शब्द नाही."

"अहो पण काटा लाल रेघेच्या..."

"जिथे आहे तिथे राहू दे काटा!" कासमभाई म्हणाले. "आणि तो तुझा साहेब. पावसाळ्यापासून चढवलायस त्याला शिडीवर. उतरव, नाहीतर तू आधी वर जाशील आणि तो तिथेच राहील. आम्ही काय करायचं मग? जन्मभर विचार करत बसू, बॉयलर फुटला की नाय फुटला?"

"मी आत्ताच सांगतो की! काटा..."

गुरुजींनी डोळे मिटले. कासमभाईंनी मोकळ्या हाताने रुमाल काढून तोंडावर घेतला. अप्पांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. नर्सकडे बघितलं, ती म्हणाली, "मला पण हे दोघे सांगतील तसं, अप्पा."

आणि अप्पा गप्प बसले. पहिल्यांदा मिनिटभर. मग आणखी. खालून हार्डवेअरवाला धावत वर आला. म्हणाला, "काय झालं? अप्पा गेले?" त्याच्या पाठोपाठ ते गोड बोलणारे डॉक्टर आले आणि त्यांनी अप्पांची नाडी धरली. नाडी होती. त्या दिवशी त्या खोलीत थेंबाचा आवाज ऐकू आला, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

बाटली अर्धी असताना अप्पा ओरडले, "काढा ही सुई!"

नर्स धावली.

"कापा म्हणावं! कापा! कारकुना, गाडी काढ! त्या मॅडमना सांग, ट्यूब बदला! ह्या दोघांनी माझं प्रेशर इतकं चढवलंय की आता शटडाऊन घेतलाच पाहिजे!"

ऑपरेशन मोठ्या शहरातल्या इस्पितळात झालं. मुलगा पुण्याहून आला, सून आली, मी गेलो. ऑपरेशनच्या वेळी हृदय थांबवतात आणि यंत्र रक्त फिरवतं, हे कळल्यावर अप्पांनी भूल देणाऱ्या डॉक्टरला सोडलंच नाही. स्टँडबाय पंप आहे का? त्याची ट्रायल कधी घेतली? वीज गेली तर? जनरेटरचं डिझेल कोण बघतं? भूल देणाऱ्याने नेहमीपेक्षा थोडी लवकरच भूल दिली असावी, असा माझा संशय आहे. शुद्धीवर आले तेव्हा तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी बोटाने हवेत एक लांब रेघ काढून विचारलं. कोणालाच कळेना. मला कळलं. मी म्हटलं, "हो अप्पा. लाइन क्लिअर." मग झोपले.

घरी आले. पायातली शीर काढून छातीत बसवली होती, ती शीर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत, "लोकल मटेरियल! बाहेरून काय आणलं नाय!" पण येणारे-जाणारे तरी किती असणार? पहिल्या आठवड्यात आळी आली, नारळपाणी देऊन गेली. मुलाची रजा संपली, तो गेला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या आणि चालणं सांगितलं होतं. अप्पा पडवीत फेऱ्या मारायचे. लाइन क्लिअरची हाकसुद्धा जपून मारायचे, टाके दुखतात म्हणून. तसं सांगायचे. ही त्यांना दोन्ही वेळ जेवण पाठवायची, मी संध्याकाळी जाऊन बसायचो, पण मी बसलो की ते म्हणायचे, "जा रे, तुला कामं असतील." साहेबाचं नाव काढत नव्हते.

मी एकदा म्हटलं, "अप्पा, गुरुजींना गोष्ट सांगायची राहिलीय ना?"

"कशाला? ती एक बोलायची पद्धत होती त्यांची. मी जावं म्हणून. चांगली माणसं. आता माझ्या हातात सुई नाय, मी तिथे जाऊन बसणार कसा? डॉक्टर विचारेल, काय पाहिजे? काय सांगू, कान पाहिजेत?"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी आळीत मासळीचा टेम्पो शिरला. आळीतल्या सगळ्या मांजरी शेपट्या वर करून त्याच्या मागे. टेम्पो अप्पांच्या फाटकाशी थांबला. पुढच्या सीटवरून कासमभाई उतरले, आणि त्यांनी हात देऊन कांबळे गुरुजींना उतरवलं. ह्या दोघांनीही सेंटर सोडलं होतं. अप्पांच्या नळ्यांची हकिकत ऐकून तेही त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेले होते आणि आता गोळ्यांवर आणि पथ्यावर होते. गुरुजी फाटकापासून पडवीपर्यंत दोनदा थांबत आले. कासमभाईंनी ओली पापलेटं माझ्या हिच्याकडे दिली आणि पडवीतल्या बाकावर बैठक मारली.

"हां," ते म्हणाले. "काटा लाल रेघेच्या कुठे होता?"

अप्पा उभेच होते. खांबाला धरून. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. मला वाटलं, आता ह्यांचे टाके तुटणार.

"चाळके, बसा," गुरुजी म्हणाले. "उभ्याने सांगू नका."

अप्पा बसले. वाशांकडे नजर लावली. "काटा," ते म्हणाले, आणि घसा साफ केला. मग काय विचारता! वाशिष्ठीपलीकडच्या म्हशींनी माना वर केल्या. काटा लाल रेघेच्या वर गेला, साहेब शिडीवर, शिडी तापली, साहेबाच्या बुटाचे तळवे वितळून शिडीला चिकटले, त्यावर बुटाची हकिकत, बूट विकणाऱ्या खेडच्या दुकानदाराची हकिकत... माझी बायको पापलेटं साफ करून, तळून, सोलकढी करून ताटं घेऊन आली, तरी साहेब शिडीवरच. जेवणं झाली. कासमभाई बाकावर आडवे झाले, पण डोळे उघडे. मी उन्हं कलेपर्यंत तिथे होतो. आळीत एकही दूध उतू गेलं नाही. उलट दोन-तीन जण गडग्यापाशी येऊन उभे राहिले होते, बॉयलर फुटतो की नाही बघायला.

तो फुटला नाही. साहेब उतरलासुद्धा नाही. संध्याकाळ झाली म्हणून गोष्ट पुढच्या गुरुवारवर गेली.

कासमभाई टेम्पो वळवायला गेले. गुरुजी पडवीच्या पायरीवर बसून चपला घालत होते. अप्पा आत पाणी आणायला गेलेले. मी गुरुजींच्या शेजारी टेकलो. मला राहवलं नाही.

"गुरुजी, तिथे ठीक होतं. हातात सुई होती, उठणार कसे तुम्ही? पण आज तर सुई नव्हती. मग अख्खा दिवस कसे बसलात?"

गुरुजींनी दुसऱ्या चपलेचा पट्टा लावला.

"सुई?" ते म्हणाले. "आमच्या सुया जेवणाच्या आधीच काढायचे."